असं कधीच होत नाही

मीटिंगमध्ये कुणी "छे, आमच्याकडे असं कधीच होत नाही" म्हणालं की मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिते आणि पुढे एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढते. इतकी वर्षं हे काम केल्यावर एवढं नक्की कळलंय की जे कधीच होत नाही ते बहुतेक दर आठवड्याला होत असतं, फक्त ज्याच्या टेबलावर ते होतं त्या माणसाला मीटिंगला बोलावलेलं नसतं.

माझं काम बीएचं, म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिस्ट. आई शेजारच्यांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते आणि मी तिला दोष देत नाही, कारण मलाही दोन वाक्यांत सांगता येत नाही. नवीन सॉफ्टवेअर बनवायच्या आधी ज्यांना ते हवंय त्यांच्याकडे जायचं, त्यांचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचं, काय हवंय ते लिहून काढायचं, आणि मग ते डेव्हलपरच्या डोक्यात शिरेल असं करून द्यायचं. आधी मी ऐरोलीला एका मोठ्या कंपनीत होते, क्लायंट परदेशातली बँक. तिथे रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं ते, मेलवर यायच्या, जाडजूड पीडीएफ, आम्ही वाचून प्रश्न पाठवायचे, त्यांचं उत्तर यायचं की अमुक सेक्शन बघा. ज्यांचं रोजचं काम त्या सिस्टिमवर चालणार होतं त्यातला एक माणूस मी कधी डोळ्यांनी बघितला नाही. आता छोट्या कंपनीत आहे, क्लायंट इथलेच मुंबईतले, दुकानवाले, ट्रान्सपोर्टवाले, एक-दोन नर्सिंग होम. पगार कमी झाला पण माणसं दिसायला लागली.

त्यातलंच हे हिंदमाताचं साड्यांचं दुकान. नाव सांगत नाही, दादर पूर्वेला उतरून आंबेडकर रोडने चालत गेलात तर अशी बरीच दुकानं लागतात, त्यातलं एक समजा. मालकांना सगळे काका म्हणतात, त्यांच्या मुलाला सगळे दादा म्हणतात, तो माझ्यापेक्षा वयाने लहान आहे तरी मीही दादाच म्हणते. सॉफ्टवेअर हवं होतं दादाला. त्याने एक्सेल तयारच ठेवलं होतं, लॉयल्टी पॉइंट्स, व्हॉट्सअ‍ॅपवर बिल, मोबाइलवर डॅशबोर्ड, बारकोड, आणि शेवटच्या ओळीत नुसतंच "एआय". अशा याद्या मी ओळखते, त्या कुठल्यातरी कंपनीचा डेमो बघून केलेल्या असतात. त्यात रोजचं काम नसतं, कारण रोजचं काम सांगण्यासारखं असतं असं कुणाला वाटतच नाही. काकांचं म्हणणं तर त्याहून सोपं, "अहो मॅडम, आमचं साधं आहे. माल येतो, माल जातो, पैसे येतात. यात लिहायचं काय एवढं?"

मी म्हटलं मला काही दिवस दुकानात नुसतं बसू द्या. दादाला ते पटलं नाही, त्याच्या मते दुकानात बसून काय कळणार, तो सगळं सांगतोय ना. पण काकांनी चहा सांगितला आणि गादीच्या कडेला जागा करून दिली.

पहिलं भोक त्याच संध्याकाळी दिसलं. एक बाई आल्या, बराच वेळ बघून तीन साड्या बाजूला काढल्या, काउंटरवरच्या भाऊंनी तिन्ही पिशवीत घातल्या आणि बाई निघून गेल्या. बिल नाही, पैसे नाहीत. भाऊंनी गल्ल्याखालून एक लाल कापडी वही काढली, त्यात काहीतरी खरडलं आणि परत ठेवली. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "जांगड आहे ताई. घरी सासूबाईंना दाखवतील, एक ठेवतील, दोन परत येतील."

आता गंमत बघा. त्याच सकाळी मी मीटिंगमध्ये विचारलं होतं की बिल झाल्याशिवाय माल दुकानाबाहेर जातो का, आणि काकांनी छातीठोक सांगितलं होतं की कधीच नाही. ते खोटं बोलत नव्हते हं. त्यांच्या हिशेबी तो माल बाहेर गेलेलाच नाही, तो दुकानाचाच आहे, फक्त सध्या गिऱ्हाइकाच्या घरी बसलाय. आणि याच्या उलटही आहे. मागच्या कपाटातल्या पैठण्यांपैकी कित्येक दुकानाच्या मालकीच्या नाहीत, येवल्याचे विणकर ठेवून जातात, विकली गेली की पैसे, नाही गेली की पुढच्या खेपेला परत. म्हणजे दुकानात जे आहे ते सगळं दुकानाचं नाही आणि दुकानाचं जे आहे ते सगळं दुकानात नाही. तयार सॉफ्टवेअर जे मिळतं त्यात स्टॉकचा आकडा एकच असतो, आहे किंवा नाही. कायद्याला मात्र हे बरोबर माहितीय. जीएसटीमध्ये पसंतीसाठी पाठवलेल्या मालाची वेगळी तरतूद आहे, चलनावर माल जातो आणि विक्री पक्की झाली की, किंवा माल बाहेर पडल्यापासून सहा महिने झाले की, दोन्हीतलं जे आधी होईल तेव्हा बिल करायचं. म्हणजे हा प्रकार लाल वहीत होता, कायद्यात होता, फक्त दादाच्या एक्सेलमध्ये नव्हता.

मी भाऊंना विचारलं की जांगड कुणाला द्यायचं हे कसं ठरवता. "चेहरा बघून." असं उत्तर आलं की आमच्यासारख्याने थांबायचं नसतं, मी खोदत बसले. मग हळूहळू निघालं, कुणाच्या ओळखीने आली, राहायला कुठे, आधी लग्नाची खरेदी इथून झालीय का, सोबत कोण आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे, जी बाई भावच करत नाही तिला जांगड द्यायचं नाही. "पैसे द्यायचेच नसतील तर घासाघीस कशाला करेल ती?" भाऊ अगदी गंभीरपणे म्हणाले. आमच्या डेव्हलपरला हे सांगितलं तर तो म्हणाला आपण कस्टमरला क्रेडिट स्कोअर देऊ. मी म्हटलं बाबा रे, भाव केला की नाही याचं तू चेकबॉक्स करणार का.

शेवटी मी लिहिलं ते असं की जांगड द्यायचं की नाही हे सिस्टिम ठरवणार नाही, सिस्टिम फक्त विचारणार की कुणी दिलं आणि परत कधी येणार. हे भाऊंना वाचून दाखवलं तर ते जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, "म्हणजे साडी परत आली नाही तर माझ्या नावावर?"

मला या कामाबद्दल खरं काय म्हणायचंय ते त्या प्रश्नात आहे. कॉलेजात आणि कोर्सेसमध्ये आम्हाला असं शिकवतात की लोकांकडे रिक्वायरमेंट असतात, त्यांना नीट सांगता येत नाहीत, आपण प्रश्न विचारून त्या बाहेर काढायच्या. अर्धंच खरं आहे हे. सांगता येत नाही हा एक भाग झाला, पण बऱ्याचदा सांगायचं नसतं, आणि त्यात लबाडी नसते. नियम मालकाचा असतो, पण अपवाद हा त्या काउंटरवरच्या माणसाचा असतो. कुणाला सवलत द्यायची, कुणाचं उधार चालवून घ्यायचं, कुठला माल पुढे करायचा, ही त्याची दुकानातली पत असते, पगारापेक्षा मोठी. आम्ही येऊन ते लिहून काढतो, त्याला फील्ड देतो, लिमिट घालतो, त्याच्यावर मंजुरीचं बटण लावतो, आणि त्या माणसाच्या हातातलं काहीतरी उचलून दुसऱ्याच्या स्क्रीनवर ठेवतो. आणि वर म्हणतो युजर को-ऑपरेट करत नाहीत.

मावशींची गोष्ट मात्र वेगळी, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पोटमाळ्यावर एक मावशी बसतात, लालबागहून चालत येतात, त्यांचं काम रेशमी साड्यांच्या घड्या बदलायचं. रेशीम एकाच घडीत फार दिवस राहिलं की घडीच्या रेषेवर विरतं, जर असेल तर तिथेच मोडते, म्हणून साडी उलगडायची, हवा द्यायची, मग आधीची घडी जिथे होती ती सोडून दुसरीकडे घडी घालायची आणि सुती कापडात गुंडाळून ठेवायची. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, जर काळी पडते. मुंबईची हवा तर विचारूच नका, पावसाळ्यात रेशमाला वास धरतो. मी वर जाऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी एक जांभळी पैठणी मांडीवर उलगडली, नारळी काठ, पदरावर बांगडी मोर, आणि पदर उलटा करून मला दाखवला, मागच्या बाजूला एक धागा लोंबत नव्हता, पुढून जशी तशीच मागून. "हातमागाची," म्हणाल्या, "सेमी असती तर मागं दोऱ्यांचं जंगल दिसलं असतं." मग घडी घालता घालता सहज म्हणाल्या, "ही गेल्या दिवाळीला पण माझ्या हातात आली होती. आणि त्याच्या आधीच्या पण. खाली सांगितलंय मी भाऊंना, हिला पुढं काढा."

मी विचारलं किती साड्यांचं असं लक्षात राहतं तुमच्या, तर हसल्या. सगळ्या. कुठली कितव्यांदा हातात आली, कुठल्या रंगाला गिऱ्हाईक नाही, कुठल्या विणकराच्या मालात जर मोडायला लागलीय. दादाला डॅशबोर्डवर पडून राहिलेल्या मालाचा रिपोर्ट हवा होता, चार रंगांत ग्राफ हवा होता. तो रिपोर्ट पोटमाळ्यावर मांडी घालून बसला होता, आणि वर्षातनं दोनदा स्टॉकची मोजणी जी सगळे सुट्टीच्या दिवशी येऊन, वैतागून करतात ती या बाई खरंतर वर्षभर करत होत्या, फक्त कुणी त्याला मोजणी म्हणत नव्हतं. मी दादाला म्हटलं की वेगळं काही करूच नका, मावशींच्या हातात एक स्कॅनर द्या, घडी बदलली की एकदा टिक, झालं. शेवटची घडी कधी बदलली हे आलं की माल पण मोजला गेला, आणि कितव्यांदा बदलली यावरून पडून राहिलेला माल पण कळला. यात मला जितका आनंद झाला तितका त्या एआयच्या ओळीने कुणालाच झाला नसता.

यातून आणखी एक निघालं, बारकोडचं लेबल. दादाने सांगितलेली लेबलं चिकटणारी होती. मावशींनी ती बघितली आणि म्हणाल्या, रेशमाला डिंक लावणार? पिन पण नको, भोक पडतं, गंजाचा डाग पडतो. दोऱ्याने अडकवायचा कागदी टॅग हवा, आणि छपाई अशी की ती दमट हवेत आणि दोन दिवाळ्यांत उडून जाणार नाही, म्हणजे साधा थर्मल कागद चालणार नाही, रिबनचा प्रिंटर लागणार. प्रिंटरची ऑर्डर जाणारच होती. एक बाई पोटमाळ्यावरून दोन वाक्यं बोलल्या आणि ती थांबली.

रंगांबद्दल फार लिहीत नाही, नाहीतर हा लेख संपायचा नाही. दादाला ड्रॉपडाउन हवं होतं, बारा रंग. भाऊंनी एकाच कपाटातून गुलबक्षी, राणी, डाळिंबी, अंजिरी, वांगी आणि चिंतामणी काढून दाखवले आणि म्हणाले यातले लाल किती आणि जांभळे किती ते तुम्हीच सांगा. धूपछाँव साडी तर हलवली की रंग बदलते. ठरलं असं की रंग मोकळा लिहायचा आणि सोबत फोटो, बस.

आणि पाऊस. हिंदमाता म्हणजे बशीसारखा खोलगट भाग, चारी बाजूंचं पाणी तिथे येतं, हे मुंबईकराला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा या दुकानात पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याची खूण खांबावर अजून आहे, रंग काढताना तेवढा भाग सोडतात. आता पालिकेने जवळच्या मैदानाखाली आणि उद्यानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्यात, त्रास कमी झालाय, पण दुकानाची सवय गेलेली नाही. भरतीचं वेळापत्रक भिंतीला लावलेलं असतं, साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एकत्र आला की खालच्या दोन फळ्यांचा माल वर जातो. रॅक नंबर, फळी नंबर हे सगळं मी आखून दिलं होतं छान, ते त्या दिवसांत खोटं ठरणार. मीटिंगमध्ये विचारलं असतं तर हेही कधीच होत नाही असंच आलं असतं, कारण पावसाळ्यात होतं ते वेगळं, ते काय धंद्यातलं थोडंच आहे! म्हणून एक बटण ठेवलं, खालचा माल वर, आणि परत खाली. डेव्हलपरने त्याला आतल्या आत भरती-ओहोटी नाव दिलंय.

बस्त्याचं प्रकरण जरा अवघड आहे. लग्नाचा बस्ता बांधायला माणसं येतात ती एकदा येत नाहीत. आधी दोघीतिघी बघून जातात, मग सगळं गोकुळ येतं, शालू, वरमाईची, करवलीची, मानाच्या साड्या, मग आहेराच्या ढीगभर, मग आठ दिवसांनी कुणाला तरी रंग आवडत नाही म्हणून बदलायला येतात, लग्न झाल्यावर उरलेल्या आहेराच्या चार परत येतात. पसंत एकजण करतं, पैसे दुसरा देतो, आगाऊ रक्कम तिसऱ्याने दिलेली असते. बिलं मुलीकडची वेगळी, मुलाकडची वेगळी, पण साड्या एकत्रच निवडलेल्या. याला एक बिल म्हणणारं सॉफ्टवेअर पहिल्याच लग्नसराईत झोपणार. म्हणून आम्ही बस्ता नावाची एक फाइलच केली, तिच्याखाली कितीही बिलं, कितीही माणसं, कितीही येणं-जाणं.

आता त्यात दादाने एक रिक्वायरमेंट सांगितली, अगदी निरागस चेहऱ्याने. एक बिल तोडून तीन करायचं बटण. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाला कस्टमरला सोयीचं पडतं. सोयीचं कसं ते मला माहीत होतं आणि त्यालाही. आयकराचा नियम आहे २०१७ पासून, एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही, एका व्यवहारातही नाही, आणि नीट वाचलं तर पुढे असंही आहे की एकाच प्रसंगासाठीही नाही. लग्न हा एकच प्रसंग. तीन दिवसांत तीन बिलं केली म्हणून प्रसंग तीन होत नाहीत, आणि दंड घेणाऱ्यालाच, जेवढी रोख घेतली तेवढाच. आपल्या लाइनीत पुष्कळ जण म्हणतात की आपण काय, क्लायंट सांगेल ते लिहायचं, कायदा त्यांचा सीए बघेल. मला ते पटत नाही. लिहिणारी मी आहे ना, तर मला कळलेलं मी त्या कागदावर लिहिणार. मी लिहिलं की बिल माणसानुसार वेगळं करता येईल, खरा पैसे देणारा जो असेल त्याच्या नावाने, आणि बस्त्याच्या फाइलमधली एका माणसाची रोख २ लाखांच्या जवळ आली की सिस्टिम आधीच सांगेल. तोडायचं बटण नाही. दादा जरा नाराज झाला. काका म्हणाले, "बरं केलंत. मी कधीपासून सांगतोय याला." पण ते त्याला काहीही सांगत नव्हते, हे मी दुकानात बसून बघितलं होतं.

मध्येच एक लंडनची गोष्ट सांगते. आमच्या धंद्यात ती जुनी आहे पण मला हे दुकान बघून फार आठवली. लंडनच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेत आधी फोन आला की कागदी फॉर्मवर पत्ता लिहायचे, तो फॉर्म कन्व्हेयर बेल्टवरून पुढे जायचा आणि तिथली माणसं ठरवायची की कुठली गाडी पाठवायची. २६ ऑक्टोबर १९९२ ला हे सगळं कॉम्प्युटरवर गेलं, कुठली गाडी कुठे आहे हे कळून जवळची गाडी मशीनच काढणार. दोन दिवसांत सगळा गोंधळ, गाड्यांच्या जागा चुकीच्या, एकाच ठिकाणी दोन गाड्या, कुठे बराच वेळ एकही नाही, आणि सिस्टिमला न समजलेल्या गोष्टींचे मेसेज, म्हणजे अपवादाचेच मेसेज, स्क्रीनवर इतके साठले की जुने वर सरकून दिसेनासे झाले. मग चौकशी बसली, १९९३ च्या फेब्रुवारीत अहवाल आला, त्यात बरंच काही आहे, पण मला लक्षात राहिलं ते हे की गाड्यांवरच्या माणसांना रिक्वायरमेंटच्या कामात जवळपास घेतलंच नव्हतं. ते लोक वेळप्रसंगी नेमून दिलेली सोडून दुसरीच गाडी घेऊन जायचे, मशीनच्या हिशेबात ते बसतच नव्हतं. वरच्या ऑफिसात कुणाला विचारलं असतं की असं होतं का, तर काय उत्तर आलं असतं ते तुम्हाला आता माहितीय.

भाऊंच्या बाबतीत तोच धोका होता, सवलतीत. आजवर भाऊ आपल्या मनाने भाव कमी करायचे. दादाला हवं होतं की पाच टक्क्यांच्या वर गेलं की त्याच्या मोबाइलवर मंजुरी यावी. मी दुपारभर बघितलं, गर्दीच्या वेळी गादीवर चार गिऱ्हाइकं, साड्यांचा डोंगर, एक बाई उठायच्या बेतात, भाऊंनी तिच्याकडे न बघता रक्कम सांगितली आणि ती परत बसली. त्या क्षणाला मोबाइलवर मंजुरी मागत बसले तर ती बाई शेजारच्या दुकानात पोचलेली असेल. दादाचंही चूक नाही, दुकान त्याला चालवायचंय, कुठे किती सुटतंय ते त्याला दिसायला हवं. शेवटी आधी मंजुरी नाही, नंतर दिसणं, असं ठरलं. रात्री दादाला यादी जाईल. भाऊंना हे सांगायचं काम मलाच दिलं. ते म्हणाले, "बघू देत की. मला काय चोरी करायचीय?" पण दुसऱ्या दिवशी चहा माझ्यासाठी आला नाही, मी स्वतः मागवला.

डॉक्युमेंट लिहिताना या सगळ्याचं काय होतं बघा. "सिस्टिमने जांगड चलन तयार करावे." "वापरकर्त्यास घडी-नोंद करता यावी." सगळं सपाट. मग प्रत्येक ओळीला प्राधान्य द्यायचं, त्याची एक पद्धत आहे, मॉस्को म्हणतात, रशियाशी संबंध नाही, १९९४ साली ओरॅकलच्या डाय क्लेग यांनी काढली, मस्ट, शुड, कुड आणि वोन्ट, म्हणजे आत्ता नको, यांच्या अक्षरांवरून. दादाने सगळ्यावर मस्ट लिहिलं, अगदी त्या एआयवरसुद्धा. काकांनी एकाही ओळीवर काही लिहिलं नाही.

करांचं पान सीएकडे पाठवलं. साडीला ५ टक्के, ते सोपं. पण शिवलेल्या कपड्याचा दर किमतीवर आहे, आधी १,००० रुपयांची रेषा होती, २२ सप्टेंबर २०२५ पासून ती २,५०० झाली, त्याच्या आत ५ आणि वर १८. म्हणून असे आकडे कोडमध्ये कोंबायचे नाहीत, बाहेर टेबलात ठेवायचे, हे मी डेव्हलपरला दर प्रोजेक्टला सांगते. आणि मग दुकानात हल्ली जी तयार शिवलेली नऊवारी खपते, ती साडी धरायची की शिवलेला कपडा, असा प्रश्न मी सीएंना लिहून पाठवला. त्यांचा फोन आला, बराच वेळ बोलले, उत्तर अजून लेखी यायचंय.

सगळ्यात शेवटी राहिला तो कोड. प्रत्येक टॅगवर कोपऱ्यात तीन-चार अक्षरं असतात, ती त्या साडीची खरेदी किंमत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द असतो, पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, असं शून्यापर्यंत. जुन्या बाजारात बऱ्याच ठिकाणी असा कोड असतो आणि तो शब्द घरचं कुणी बाहेर सांगत नाही. दादाचं म्हणणं, आता बारकोड आहे, स्कॅन केलं की किंमत स्क्रीनवर दिसेल, कोड कशाला. भाऊंनी यावर पहिल्यांदाच आवाज चढवला. गिऱ्हाइकासमोर स्क्रीन बघायची? तिला पण दिसेल ना! टॅग बोटात धरला की त्यांना एका नजरेत कळतं की कितीपर्यंत खाली उतरता येईल, आणि समोरच्या बाईला वाटतं हा नुसती साडी दाखवतोय. काका भाऊंच्या बाजूने. कोड राहिला, फक्त तो आता सिस्टिमच छापणार. मग दादा म्हणाला की ठेवायचाच तर शब्द तरी बदला, सोडून गेलेल्या सगळ्या पोरांना तो माहितीय, दोघांनी तर पलीकडच्या गल्लीत स्वतःची दुकानं टाकलीत. हे काकांनाही पटलं. नवीन शब्द शोधायला घरातली सगळी बसली, काकी पण घरून फोनवर, आणि मला म्हणाले मॅडम, तुम्ही जरा पोटमाळ्यावर बसता का. दहा अक्षरं, एकही परत यायला नको, लक्षात राहायला हवा आणि कुणाला ओळखू यायला नको. खालून आवाज येत होते, एक झाला की दुसरा नाकारत होते. मावशी घड्या घालत होत्या, त्यांना जुना शब्द पाठ होता हे मला त्यांच्या हसण्यावरून कळलं.

तेवढ्यात डेव्हलपरचा फोन, कोडचं लॉजिक काय टाकू. मी म्हटलं शब्द तुला मिळणार नाही, मलाही नाही, तू नुसते दहा रिकामे चौकोन दे, मालक स्वतः भरतील. तो म्हणाला ठीक, पण ती स्क्रीन कुणाला दिसणार? मी खाली उतरून तेच विचारलं. दादा म्हणाला सोपं आहे, फक्त अ‍ॅडमिनला. भाऊ काही बोलले नाहीत, टॅग मोजत राहिले. काकांनी चष्मा काढला, आधी दादाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ते अ‍ॅडमिन म्हणजे नक्की कोण?"

ओपन इश्यूंच्या, म्हणजे न सुटलेल्या प्रश्नांच्या, यादीत बाकीचं एकेक करून बंद होत गेलं, हा प्रश्न अजून तिथेच आहे.